सर्दी नव्हती, अक्का

अक्का, त्या दिवशी उज्जूला सर्दी नव्हती. मीच तिला सर्दीचं औषध पाजलं होतं. ते जांभळं, गोड, ज्यानं पोर दोन-तीन तास डुलत बसते. बाटलीवर एक चमचा लिहिला होता, मी दोन पाजले. धुळ्याला डॉक्टरांसमोर पोर नीट बसावी म्हणून.

कबुली द्यायची तर पूर्ण द्यावी. तेव्हा मी बावन्न वर्षांची, जुनी मॅट्रिक पास, आणि जळगावच्या आमच्या गल्लीत बाया मला सल्ला विचारायला यायच्या. अशी ही शहाणी बाई, नात एका जागी बसत नाही म्हणून तिला डॉक्टरकडे घेऊन निघाली, आणि निघण्याआधी ती एका जागी बसेल असं औषध तिला पाजून निघाली. गळकी बादली दुरुस्तीला न्यायची, पण दुकानदारापुढे लाज नको म्हणून आधी घरीच भोकात चिंधी कोंबायची, तसं.

मला दुसरी रीतच ठाऊक नव्हती. आमच्यात पोरगी कुणाला 'दाखवायची' म्हणजे एकच प्रकार. न्हाऊ घाला, तेल चोपडून दोन वेण्या घाला, इस्त्रीचा झगा घाला, आणि विचारलं तर काय बोलायचं ते पाठ करून घ्या. सात वर्षांच्या उज्जूला मी डॉक्टरपुढे तशीच नेऊन बसवली.

"शाळा आवडते?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, आवडते."

"घरी त्रास देतेस का कुणाला?"

"नाही, देत नाही."

मी शेजारी बसून मान डोलावत होते, जणू पसंती आलीच. तिसऱ्या प्रश्नाला पोर टेबलावर डोकं टेकून झोपली. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. "ही नेहमीच अशी दमलेली असते?" मी म्हटलं, "गुणी आहे हो. घरचे उगाच काळजी करतात." त्यांनी रक्त तपासायला लिहून दिलं आणि सांगितलं, पुढच्या वेळी आईला आणा आणि शाळेतून काही लिहून आणा. घरी येऊन मी त्यातलं काहीच सांगितलं नाही. सगळ्यांना सांगितलं, डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही.

त्या दिवशी जेवायला धुळ्यातच तुमच्याकडे थांबलो होतो, आठवतं ना. तुम्ही पेंगणाऱ्या उज्जूचं तोंड पदरानं पुसलंत आणि मग तो पदर नाकाला लावलात. माझ्याकडे बघितलंत.

"बठ्ठं बरं शे ना?"

"सगळं बरं," मी म्हटलं.

तुम्ही माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढलीत. मुलीची आई तुम्ही, मुलाची आई मी. मान माझा होता. माझ्या त्या मानापायी उज्जूचे आठ महिने फुकट गेले.

तुम्हाला जाऊन चौदा दिवस झाले. पेपरात तुमचा फोटो आला, खाली मुलांनी जे छापतात ते छापलं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला भांडायचं आहे, कारण भांडण अर्धं ठेवून तुम्ही उठून गेलात, आणि हे तुमच्यासारख्या बाईला शोभत नाही. जगाला तुम्ही अक्का. मला विहीणबाई, आणि रागात असले की 'धुळेकर'. आज मी रागात आहे, पण अक्काच म्हणते.

उज्जू लहानपणी काय प्रकरण होतं हे आता कुणाला सांगून पटत नाही. रविवारी सकाळी सगळी गल्ली आमच्या टीव्हीपुढे चपला काढून, हात जोडून बसायची, आणि देव प्रकट व्हायच्या वेळेला पडद्यावर मुंग्या यायच्या. वर गच्चीवर उज्जू अँटेना फिरवत असायची. कारण विचारलं तर म्हणायची, "तो वळतो का बघत होते." नळ उघडा टाकायची, दप्तर शाळेत विसरायची, एकदा भाऊ समजून दुसऱ्याच्याच भावाला घरी घेऊन आली. जेवताना दोन घास खाल्ले की उठायची, पुन्हा यायची, पुन्हा उठायची. मी सुनेला बोल लावायची. सुनंदा तुमची लेक. तिला मी तुमच्यावरून टोमणे मारायची. "धुळ्याचं वळण," म्हणायची. दृष्ट काढली, अंगारा लावला, एका बुवानं सांगितलं म्हणून पोरीच्या दंडाला काळा दोरा बांधला. तो तिनं तिसऱ्या दिवशी मांजरीच्या गळ्यात बांधला.

आणि मारलंही. ते मजेनं सांगता येत नाही, तरी सांगते. त्या उन्हाळ्यात मी गच्चीवर धोतरं पसरून दोन पायली ज्वारीच्या बिबड्या, आमचे खानदेशी पापड, घातल्या होत्या. उज्जू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यावरून चालत गेली, ओल्या बिबड्यांवर, मोजत मोजत. मी लाटण्यानं तिच्या पोटऱ्यांवर मारलं. ती पळाली नाही. उभी राहून मला विचारत होती, "आजी, मी का केलं?" मला वाटलं, उर्मटपणा करते. आज कळतं, तिला खरंच हवं होतं उत्तर.

त्याच आठवड्यात तुम्ही आला होतात. वाळलेल्या बिबड्यांतली एक, पायाचा ठसा उमटलेली, तुम्ही निखाऱ्यावर भाजून चहाबरोबर माझ्यापुढे ठेवलीत. "खावा. नातना पाय शे." मी खाल्ली नाही. तुम्ही मोडून अर्धी खाल्लीत, तेल लावून.

मग शाळेची चिठ्ठी आली. पुढच्या वर्षी मुलीची दुसरीकडे व्यवस्था करावी. माझा मुलगा चिठ्ठी वाचून घडी घालून खिशात ठेवता झाला आणि दुकानावर गेला. मी स्वयंपाकघरात जाहीर केलं की झालं तेवढं शिक्षण पुरे. अशी पोरं कितीही करा, अशीच राहतात. घरी बसवू, पोळ्या लाटायला शिकवू. सुनंदा कणीक मळत होती, ती मळतच राहिली. मला वाटलं, पटलं तिला.

तिनं कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून तुम्हाला फोन केला हे मला फार उशिरा कळलं.

तुम्ही न बोलावता आलात. पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायलात आणि म्हणालात, उज्जूला चार दिवस आजोळी नेते. पोर तशीच उचललीत. शाळेतून आलेली, गुडघ्याला माती, एक वेणी सुटलेली. मी म्हटलं, "अहो, निदान केस तरी." तुम्ही म्हणालात, "जशी शे तशी चालस." मला वाटलं आजोळाचं बोलताय.

तुम्ही तिला तशीच्या तशी त्या डॉक्टरांकडे नेलंत. पुढचं मला उज्जूनंच सांगितलं, आल्यावर, एका दमात. तिनं डॉक्टरांचा नळ सोडला, कानाला छाती तपासायचं ते नळकांडं लावून तुमच्या पोटातलं ऐकलं, खुर्चीवर चढून पंख्याची पाती मोजली, वजनकाट्यावर अकरा वेळा उभी राहिली. डॉक्टरांनी तिला अडवलं नाही. तासभर नुसते बघत होते आणि मधेमधे लिहीत होते. शेवटी त्यांनी तुम्हाला सांगितलं की पोर खोडकर नाही, बिघडलेलीही नाही. तिचं लक्ष टिकत नाही आणि अंग थांबत नाही. त्याला इंग्रजीत नाव आहे, औषध आहे, शिकवण्याची पद्धत आहे. पण घर आणि शाळा दोन्ही लागतील. मग एक छापील कागद दिला, वर्गाच्या बाईंनी भरून द्यायचा.

तो कागद घेऊन तुम्ही परत आलात आणि घरी न येता सरळ शाळेत गेलात. व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसलात. मला शेजारच्या पोरीनं सांगितलं तशी मी रिक्षा करून धावले. तुम्हाला घरी न्यायला, बरं का. मदतीला नाही.

"विहीणबाई, चला. लोक बघताहेत."

"बघू द्या. त्यासले डोया शेतस."

"कशाला गावभर करायचं? झाकलेलं बरं. कुणाला कळलं म्हणजे?"

"कसाले दपाडतस तुम्ही? पोरनी चोरी करी का?"

तेवढ्यात वर्गाच्या बाई आल्या. उभ्या उभ्या कागद वाचला आणि परत दिला. "हे भरत बसायला मला वेळ नाही हो. साठ पोरं आहेत वर्गात. आणि या आजी स्वतःच म्हणाल्या ना त्या दिवशी बाजारात, घरी बसवतो म्हणून? तेच बरं आहे. अशी पोरं कितीही करा, अशीच राहतात. पोळ्या लाटायला शिकवा, कामाला येईल."

शब्द न शब्द माझा होता, बाजारात मीच त्यांना ऐकवलेला. स्वयंपाकघरात म्हटला तेव्हा त्याला चव नव्हती. परक्या तोंडातून आला तेव्हा घशात अडकला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, रागानं नाही, नुसतं. आणि तुम्हाला उठवायला आलेली मी तुमच्या शेजारी बाकावर बसले.

"बाई," मी म्हटलं, "साठातली एकोणसाठ तुमची. ही साठावी माझी. तो कागद भरून होईपर्यंत मी इथून उठत नाही. मला जेवायला उशीर झाला की चक्कर येते, तेवढं लक्षात ठेवा."

तुम्ही तोंडाला पदर लावलात. हसत होतात, मला माहीत आहे.

बाईंनी कागद भरला. 'कधीच नाही', 'कधीकधी' आणि 'नेहमी' असे तीन रकाने होते. त्यांनी सगळ्या खुणा 'नेहमी'खाली केल्या, जोर लावून, कागद फाटेल इतक्या. शेवटच्या ओळीवर थांबल्या आणि आवाज उतरला. "पोर वाईट नाही हो. मलाच सुचत नाही तिचं काय करावं." तुम्ही म्हणालात, डॉक्टरांनी सांगितलंय काय करावं ते, मी सांगते. आणि खरंच सांगितलंत. पुढच्या बाकावर बसवा. एका वेळी एकच काम सांगा. दर अर्ध्या तासाला फळा पुसायला उठवा, म्हणजे तिला उठायची परवानगी असेल. दुसरीपर्यंत शाळा शिकलेली बाई तुम्ही, डीएड झालेल्या बाईंना शिकवत होतात, आणि बाई लिहून घेत होत्या.

उज्जू शाळेत राहिली.

मग सुरू झाल्या आपल्या धुळ्याच्या वाऱ्या. दर महिन्याला एसटी, एरंडोलच्या स्टँडवर शेंगदाणे, पारोळ्याला उज्जूची उलटी, आणि धुळ्याला सायकलच्या दुकानावरच्या दवाखान्याचा तो जिना. पहिल्या वेळी सुनंदा बरोबर होती. डॉक्टरांनी तिला सांगितलं की यात आईचा दोष नाही, लाडाचा नाही, वळणाचा नाही. ती तिथंच रडायला लागली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. त्यात एकादशी कधी आहे हे मी तीनदा पाहिलं.

मग डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला. "पहिल्या भेटीत ही इतकी शांत कशी काय होती?"

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात. "परवासमां दमी गयती."

प्रवासानं दमली होती, तेवढंच. माझ्याकडे बघितलंही नाहीत. तेव्हा माझी खात्री झाली की पदराला लागलेला औषधाचा वास तुम्हाला कळला होता. त्यानंतर नऊ वर्षं तुम्ही मला त्यावरून एका शब्दानं टोचलं नाहीत, भांडणातसुद्धा नाही. मी असते तर दर दिवाळीला काढलं असतं. मला याचा राग आहे, अक्का. एकदा तरी बोलायचं होतंत, म्हणजे मी एकदा तरी माफी मागितली असती. आता ही अशी कागदावर मागते आहे, आणि तुम्ही 'असू द्या' म्हणायलाही नाही.

गोळ्यांनी जादू झाली असं लोकांना वाटतं. पहिल्या गोळीनं पोरीची भूक गेली. घरात इतकी शांतता की मला भीती वाटायला लागली. मी म्हटलं बंद करा, विष आहे हे. तुम्ही म्हणालात, बंद करायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, आपण नाही. आणि पुढच्या बसनं धुळ्याला जाऊन विचारून आलात. त्यांनी गोळी बदलली, मात्रा कमी केली, पुन्हा पाहिलं. वर्षभर असं चाललं. खरं अवघड औषध आम्हालाच होतं. एका दमात चार कामं सांगायची नाहीत. ओरडायचं नाही. जे जमलं ते लगेच बोलून दाखवायचं. तीस वर्षं ओरडून घर चालवलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे काय असतं. डॉक्टर मला दर महिन्याला विचारायचे, "आजी, या महिन्यात किती वेळा ओरडलात?" आणि उज्जू माझ्या आधी आकडा सांगायची.

ती पुरती थांबली नाही, थांबणारही नाही. दहावीचं गणित दुसऱ्या खेपेला सुटलं. आता आयटीआयला वायरमनचं शिकते, वर्गात एकटी मुलगी. मास्तर म्हणतात खांबावर हिच्याइतकं चपळ कुणी चढत नाही. मी म्हटलं, सराव गच्चीवर झालाय.

आणि आता ते अर्धं भांडण. उज्जूच्या लग्नाचं बोलणं निघालं की मी म्हणायची, डॉक्टरचं काही सांगायचं नाही. आता बरी आहे, जुनं उकरायचं कशाला. तुम्ही म्हणायचात, पहिल्या दिवशी, पहिल्या चहाला सांगायचं. मी म्हणायची, मग दुसरा चहा होणारच नाही. तुम्ही म्हणायचात, मग नको होऊ दे. तीन वर्षं हेच. गेल्या संक्रांतीला मी फार बोलले, तुम्हाला नातीचं वाटोळं करायचंय असं म्हटलं. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आणि शेवटचं धाकट्या बहिणीचं सांगितलंत. साक्रीकडची, तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, उज्जूसारखीच. झाडावरून उतरायची नाही. तेरा वर्षांची असताना तिचं लग्न करून दिलं, थंड होईल म्हणून, आणि सासरी काही सांगितलं नाही. दीड महिन्यात त्यांनी आणून सोडली. मग ती माहेरी ओट्यावर बसून राहिली. खरंच बसून राहिली, म्हणालात, पुन्हा कधी पळाली नाही.

मी विचारायला हवं होतं, तिचं नाव काय होतं. मी विचारलं नाही. मी म्हटलं, तो काळ वेगळा होता. तुम्ही उठून चहाचे कप विसळायला गेलात. पुन्हा त्यावर आपण बोललो नाही, आणि मग तुम्ही दवाखान्यात, आणि मग हे.

दहाव्याला आम्ही धुळ्याला आलो होतो. तुमच्या दारावर दुखवट्याला बसायला बाया जमलेल्या. उज्जू पाणी देत होती, दोन ग्लास सांडून झाले होते. तुमची चुलत जाऊ दगूबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं उज्जूकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं शेजारणीला विचारलं, "हाईच का ती पोर, जिले अक्का डोकाना डॉक्टरकडे लई जाये? आते इले कोन करी लेई?"

सुनंदानं माझा हात दाबला. नऊ वर्षं अशा वेळी मीच सगळ्यांचे हात दाबत आले होते. उज्जू तांब्या घेऊन मधोमध उभी होती. माझ्याकडेच बघत होती, मी आता काय कथा रचते ते.

मी उठून उभी राहिले. गुडघे कुरकुरले, त्यामुळे सगळ्यांनी बघितलं, ते बरंच झालं.

"हो, हीच," मी म्हटलं. "डोक्याच्याच डॉक्टरकडे. पाच वर्षं गोळ्या घेतल्या हिनं, आणि अक्कानं नेलं म्हणून घेतल्या. मी नेलं तेव्हा खोटं बोलून परत आणली होती. मी लाटण्यानं मारलं, दोरे बांधले, घरी बसवायला निघाले होते. तो आजार होता आणि त्याला इलाज होता. हे ज्या घराला चालेल त्यानं चहाला यावं. ज्याला चालणार नाही त्यानं आमचं दूध वाचवावं."

एकीनं पदर सारखा केला. उज्जूनं दगूबाईपुढे पाण्याचा ग्लास धरला, न सांडता, आणि दगूबाईनं तो घेतला. मी खाली बसले. तुम्ही जिंकलात, अक्का, आणि ते बघायला थांबला नाहीत. इतक्या वर्षांत एवढा एकच उद्धटपणा केलात माझ्याशी.

निघताना मी ओट्यावर चपला शोधत होते. दगूबाई काठी टेकत मागून आली. इकडेतिकडे बघितलं, माझं मनगट धरलं आणि अगदी हळू म्हणाली, "माय, तो डॉक्टर आते कोठे बसस, माले लिखी दे. मना नातू बी तसाच शे."